लाँचच्या आधी क्लाउड डेटाबेसची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लहान संघांसाठी आहे. पाच-दहा जणांची कंपनी, ॲप जवळजवळ तयार, लाँचची तारीख ठरलेली आणि डेटाबेसकडे बघायला स्वतंत्र माणूस नाही, अशी स्थिती असेल तर पुढची उत्तरं तुमच्यासाठी आहेत. ठोस बोलता यावं म्हणून ॲमेझॉन आरडीएसवरचा (ही ॲमेझॉनची भाड्याने मिळणारी डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस डेटाबेस आणि मुंबई रीजन, म्हणजे ॲमेझॉनच्या डेटा सेंटरचा मुंबईतला समूह, धरलं आहे. उदाहरणाला हापूसची आगाऊ नोंदणी घेणारं एक कल्पित ॲप घेऊ: वर्षभर शांत, आणि मार्चमध्ये ‘नोंदणी सुरू’ असा मेसेज गेला की दहा मिनिटांत सगळे ग्राहक एकदम आत. अझ्यूर किंवा गूगल क्लाउडवर असाल तर सेवांची नावं आणि काही आकडे बदलतील, प्रश्न हेच राहतील.

डेटाबेस ‘मॅनेज्ड’ घेतला आहे. मग आमच्याकडे काम काय उरतं?

बरंच. मशीन, ऑपरेटिंग सिस्टीम, पॅच, रोजचा बॅकअप, मशीन बिघडलं तर दुसऱ्यावर जाणं हे पुरवठादार बघतो. टेबलांची रचना, इंडेक्स (हवी ती नोंद चटकन शोधून देणारी सूची), कनेक्शनची संख्या, कोणाला कोणता अधिकार, बॅकअप किती दिवस ठेवायचा आणि त्यातून खरोखर परत उभं राहता येतं का, हे सगळं तुमच्याकडे राहतं. एखादी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) इंडेक्सविना वीस लाख रो, म्हणजे टेबलातल्या ओळी, चाळत बसली असेल, तर पुरवठादाराच्या दृष्टीने मशीन उत्तम चाललेलं असतं. ग्राहकाची ऑर्डर अडकली आहे हे फक्त तुम्हाला कळतं.

खाली पुष्कळ सूचना आहेत आणि सगळ्या लाँचच्या आधी जमतीलच असं नाही. पण दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय लाँच करू नका: बॅकअपमधून रिस्टोअर, म्हणजे डेटाबेस परत उभा करणं, आणि फेलओव्हर, म्हणजे मुख्य मशीन पडल्यावर तयार प्रतीवर जाणं. बाकीच्या चुका लाँचनंतर दुरुस्त करता येतात. गेलेला डेटा परत येत नाही.

रीजन कोणतं निवडावं?

ग्राहक भारतात असतील तर मुंबई. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. अझ्यूरचं ‘सेंट्रल इंडिया’ रीजन पुण्यात आहे, गूगलची रीजन मुंबई आणि दिल्लीत आहेत. ‘अमेरिकेत थोडं स्वस्त पडतं’ म्हणून डेटाबेस व्हर्जिनियात आणि ॲपचा सर्व्हर मुंबईत अशी मांडणी करू नका. मुंबई ते व्हर्जिनिया जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका पानासाठी एकामागून एक तीस क्वेरी होत असतील, तर नुसत्या प्रवासात सहा सेकंद गेले. सर्व्हर आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये ठेवायचे, हा नियम कधीही मोडू नये.

दुसरी प्रत हैदराबादला ठेवा. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डेटाबेसची पूर्ण प्रत, ठरावीक काळाने तिकडे कॉपी करता येतो आणि डेटा देशाबाहेरही जात नाही. हैदराबाद रीजन खात्यात आधी सुरू करून घ्यावं लागतं, ते आजच करून ठेवा.

कायद्याच्या बाजूने काय पाहायचं?

वकिलाचा सल्ला वेगळा घ्याच, पण डेटाबेसच्या मांडणीवर थेट परिणाम करणाऱ्या गोष्टी इथे सांगतो.

कार्डाचा पूर्ण नंबर साठवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून इतरांना तो ठेवता येत नाही. शेवटचे चार आकडे आणि पेमेंट गेटवेने (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेने) दिलेला टोकन, म्हणजे कार्डाऐवजीचा सांकेतिक क्रमांक, एवढंच टेबलात असावं. लॉगमध्ये किंवा गेटवेच्या उत्तराच्या जेसन कॉलममध्ये नंबर नकळत जाऊन बसत नाही ना, हेही बघा.

सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. आरडीएसवरचा पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये लॉग तीनच दिवस ठेवतो आणि फार तर सात दिवसांपर्यंत वाढवता येतं. म्हणून लॉग ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या नोंदी साठवणाऱ्या सेवेकडे पाठवायला सुरुवात करा आणि तिथे मुदत १८० दिवस करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आधी केलं नसेल तर नंतर मागचे लॉग कुठूनही मिळत नाहीत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वांत जास्त गळती होते ती टेस्टिंगसाठी काढलेल्या प्रतीतून. ग्राहकांचे खरे फोन नंबर आणि पत्ते असलेली प्रत डेव्हलपरच्या लॅपटॉपवर जाऊ देऊ नका. नावं-नंबर बदलून टाकणारी एक स्क्रिप्ट लिहा आणि त्या स्क्रिप्टमधून गेलेलीच प्रत बाहेर द्या.

मशीन केवढं घ्यावं?

टी गटातली मशीन, म्हणजे टी३ आणि टी४जी, स्वस्त दिसतात. त्यांना सीपीयूचा ठरावीक पाया मिळतो; टी४जी मीडियमवर तो प्रत्येक कोअरमागे २० टक्के आहे. त्यापेक्षा कमी वापरलंत तर क्रेडिट साठतं, जास्त वापरलंत तर खर्च होतं. आरडीएसवर ही मशीन मुळात ‘अनलिमिटेड’ पद्धतीने चालतात, म्हणून क्रेडिट संपलं तरी वेग कमी होत नाही, पण जादा वापराचं बिल लागतं. डेव्हलपमेंटला ती उत्तम. लाँचसाठी एम किंवा आर गटातलं मशीन घ्या. आर गटात मेमरी जास्त असते, आणि रोज लागणारा डेटा नि इंडेक्स मेमरीत मावले की पोस्टग्रेसचा निम्मा त्रास संपतो.

नेमकं केवढं, हे लोड टेस्ट सांगेल. तोवर अंदाज मोठा धरा आणि महिनाभराने कमी करा. मशीनचा आकार बदलताना काही मिनिटं डेटाबेस बंद पडतो, त्यामुळे लाँचच्या संध्याकाळी वाढवण्यापेक्षा नंतर निवांतपणे कमी करणं केव्हाही बरं.

आणि डिस्क?

जीपी३ हा डिस्कचा प्रकार घ्या. पोस्टग्रेससाठी ४०० जीबीच्या आत ३,००० आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) मिळतात, त्याच्या वर पायाच १२,००० होतो. जुन्या जीपी२ मध्ये प्रत्येक जीबीमागे ३ आयओपीएस असं गणित आहे. १०० जीबीची डिस्क घेतली की पाया ३०० चा, आणि वरचा जोर साठवलेलं क्रेडिट संपेपर्यंतच. टेस्टमध्ये सगळं सुरळीत आणि लाँचनंतर काही तासांनी अचानक मंद, असा अनुभव येतो तेव्हा बहुधा हेच कारण निघतं.

स्टोरेज ऑटोस्केलिंग चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की ते जागं होतं, आणि एकदा डिस्क वाढवली की किमान सहा तास पुन्हा बदल करता येत नाही. वाढवलेली डिस्क त्याच मशीनवर कमी करता येत नाही, म्हणून कमाल मर्यादाही विचार करून घाला.

‘टू मेनी कनेक्शन्स’ ही चूक नेमकी लाँचलाच का येते?

कारण त्याआधी ॲपच्या एक-दोनच प्रती चालू असतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते आणि ती मेमरी खाते. आरडीएस कमाल कनेक्शनचा आकडा मशीनच्या मेमरीवरून काढतो: बाइटमधली मेमरी भागिले ९५,३१,३९२, आणि वरची मर्यादा ५,०००. म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर साधारण साडेचारशे.

आता तुमची बाजू मोजा. सहा सर्व्हर, प्रत्येकावर आठ वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस), प्रत्येक वर्करचा पूल, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, दहाचा: ४८०. इथेच मर्यादा ओलांडली. नवी आवृत्ती चढवताना जुन्या आणि नव्या प्रती थोडा वेळ एकत्र चालतात, तेव्हा आकडा दुप्पट होतो. ऑटोस्केलिंगने सर्व्हर वाढवले की आणखी वाढतो. गर्दी वाढली म्हणून सर्व्हर वाढले, आणि वाढलेल्या सर्व्हरनीच डेटाबेस बंद पाडला, असं होतं.

पॅरामीटर वाढवून कमाल आकडा दोन हजार करणं हा उपाय मला पटत नाही. आठ कोअरच्या मशीनवर एका वेळी खरं काम मोजक्याच क्वेरी करतात. बाकीच्या नुसत्या मेमरी अडवून बसतात. मधे पीजीबाउन्सर किंवा आरडीएस प्रॉक्सी ठेवा; ती थोडीच कनेक्शन अनेकांत वाटून देतात. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवलात (ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) तर सेशनवर अवलंबून असलेल्या गोष्टी, म्हणजे सेशनपुरती सेटिंग, सेशनचे ॲडव्हायझरी लॉक, लिसन-नोटिफाय, मोडतात. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा अडसर १.२१ आवृत्तीपासून दूर झाला आहे. तुमची ओआरएम (कोडमधून क्वेरी तयार करणारी लायब्ररी) यांतलं काय वापरते ते आधी तपासा.

सोबत ॲपच्या युजरला तीन मर्यादा घाला: क्वेरीची कमाल वेळ, लॉकसाठी थांबण्याची कमाल वेळ आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसून राहण्याची कमाल वेळ. वेबच्या क्वेरीला दहा-पंधरा सेकंद पुष्कळ झाले. मोठे अहवाल वेगळ्या युजरने काढावेत.

मल्टी-एझेड घेतलं तर रीड रेप्लिका लागते का?

दोघांची कामं वेगळी आहेत. मल्टी-एझेडमध्ये दुसऱ्या इमारतसमूहात एक तयार प्रत असते आणि प्रत्येक लेखन दोन्हीकडे झाल्यावरच पक्कं मानलं जातं. नेहमीच्या, एकाच स्टँडबायच्या प्रकारात ती प्रत तुम्हाला वाचायला मिळत नाही. ती फक्त बिघाडासाठी. रीड रेप्लिका वाचनाचा भार वाटून घेते, पण ती मुख्य डेटाबेसच्या थोडी मागे असू शकते. ग्राहकाने पैसे भरले आणि पुढच्याच पानावर ऑर्डर रेप्लिकातून वाचली, तर ‘तुमची कोणतीही ऑर्डर नाही’ असं दिसेल. पैसे भरलेल्या माणसाला असं पान दाखवू नये. अहवाल आणि शोध रेप्लिकावर, स्वतःची ऑर्डर नेहमी मुख्य डेटाबेसवर.

पैसे घेणाऱ्या ॲपला मल्टी-एझेड हवंच. खर्च जवळजवळ दुप्पट होतो, तरीही.

फेलओव्हर करून पाहायचा म्हणजे काय करायचं?

रीबूट करताना ‘फेलओव्हरसह’ हा पर्याय असतो. लोड टेस्ट चालू असताना तो वापरा आणि घड्याळ लावून बसा. साधारण ६० ते १२० सेकंदांत डेटाबेस परत येतो. खरा प्रश्न तुमचं ॲप परत येतं का हा आहे. एंडपॉइंटचं, म्हणजे ॲप डेटाबेसला ज्या पत्त्यावर जोडतं त्याचं, नाव तेच राहतं, त्यामागचा आयपी बदलतो. जावाचं ॲप जुना पत्ता लक्षात ठेवून बसू शकतं, तेव्हा जेव्हीएमची डीएनएस मुदत कमी करा. पूलमधली मेलेली कनेक्शन ओळखून टाकून दिली जातात का? अर्धवट राहिलेल्या ऑर्डरचं काय झालं? सर्व्हर हाताने रीस्टार्ट करावे लागले, तर तुमची तयारी झालेली नाही असं समजा आणि पुन्हा करा.

बॅकअप आपोआप होतो. मग काळजी कसली?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत काय झालं ते त्यांनी स्वतः उघडपणे लिहून ठेवलं आहे, आणि प्रत्येक संघाने ते वाचावं. रेप्लिकेशन दुरुस्त करताना एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली. बॅकअपकडे वळले तेव्हा रोजचा पीजीडम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) तयारच होत नव्हता असं निघालं: डेटाबेस ९.६ चा आणि डम्प घेणारं साधन ९.२ चं. तो अपयशी होतोय असं सांगणारे ईमेल डीमार्कमुळे (ईमेल खऱ्या पाठवणाऱ्याचा आहे का हे तपासणारी पद्धत) नाकारले जात होते, म्हणून कोणालाच कळलं नव्हतं. वाचवलं ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला, त्यात सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती होती. बॅकअपचे बरेच मार्ग कागदावर होते. कोणी रिस्टोअर करून पाहिला नव्हता.

आरडीएसवर ‘डम्पच निघाला नाही’ अशी वेळ सहसा येत नाही. इथल्या खोड्या वेगळ्या आहेत.

स्वयंचलित बॅकअप ० ते ३५ दिवस ठेवता येतो, आणि शून्य म्हणजे बंद. स्क्रिप्टने इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेसचं मशीन, उभा केला असेल तर हा आकडा डोळ्यांनी बघा. कमांड लाइनवरून काही न सांगता केलेल्या इन्स्टन्सला एकच दिवस मिळतो. लाँचला किमान १४ दिवस ठेवा, माझं मत ३५. चूक झाल्याचं बऱ्याचदा दोन आठवड्यांनी हिशेब जुळवताना लक्षात येतं.

इन्स्टन्स पुसला की, वेगळं सांगितलं नसेल तर, त्याचे स्वयंचलित बॅकअपही जातात. म्हणून डिलीशन प्रोटेक्शन चालू करा, आणि हाताने घेतलेले स्नॅपशॉट वेगळ्या ॲमेझॉन खात्यात कॉपी करा. मुख्य खात्याची किल्ली चोरीला गेली तर त्याच खात्यातले बॅकअप चोराच्याही हातात असतात.

रिस्टोअर चालू डेटाबेसवर होत नाही. नवा इन्स्टन्स उभा राहतो, नव्या पत्त्याचा. मागच्या कोणत्याही क्षणाला परत जाता येतं, साधारण शेवटची पाच मिनिटं सोडून. पण त्या नव्या इन्स्टन्सला तुमचा सिक्युरिटी ग्रुप (कोणाला जोडता येईल याचे नियम) आणि पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंगचा संच) लागलाय का, ॲपला नवा पत्ता कुठे आणि कोण बदलून देणार, हे रात्री दोनला शोधायचं नसतं. शिवाय नवा इन्स्टन्स ‘उपलब्ध’ दिसला तरी डिस्कवरचा डेटा मागून येत असतो, आणि प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना वेळ लागतो. पाच जीबीवर हे जाणवत नाही. तीनशे जीबीवर सुरुवातीचे काही तास ॲप रांगत चालतं.

म्हणून तालीम अशी करा: ज्याने डेटाबेस उभा केला त्याला बाजूला बसवा आणि संघातल्या दुसऱ्या कोणाला तरी फक्त लिहिलेल्या टिपणावरून रिस्टोअर करायला सांगा. ‘काल दुपारी ४.१० ची स्थिती हवी’ एवढंच सांगायचं. ॲप त्या डेटाबेसवर चालून कालची एक ऑर्डर स्क्रीनवर दिसली, की तालीम पूर्ण. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. ग्राहकांना ‘किती वेळात सुरू होईल’ याचं प्रामाणिक उत्तर तोच आकडा देतो.

सुरक्षेत लाँचआधी काय काय हवंच?

एन्क्रिप्शन इन्स्टन्स तयार करतानाच निवडावं लागतं. नंतर हवं झालं तर स्नॅपशॉट घ्या, त्याची एन्क्रिप्टेड प्रत काढा, त्यावरून नवा इन्स्टन्स उभा करा. डेटा थोडा आहे तोवरच हे उरकून टाका.

डेटाबेस सार्वजनिक इंटरनेटवर नको. सिक्युरिटी ग्रुपमध्ये ५४३२ पोर्ट ०.०.०.०/० ला उघडा असेल तर आत्ता बंद करा. ‘घरून काम करताना लागतो’ हे कारण चालणार नाही, त्यासाठी सेशन मॅनेजर किंवा व्हीपीएन आहे. पोस्टग्रेस १५ पासून आरडीएस मूळ सेटिंगमध्ये टीएलएसशिवाय, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेलं, कनेक्शन घेत नाही, तेव्हा ॲपमध्ये ॲमेझॉनचं सध्याचं सर्टिफिकेट बंडल ठेवा आणि पडताळणी बंद करून वेळ मारून नेऊ नका.

मास्टर युजर ॲपने वापरू नये. ॲपला वेगळा, मायग्रेशनला (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टला) वेगळा, अहवालाला फक्त वाचण्याचा. पासवर्ड सीक्रेट्स मॅनेजरमध्ये. गिटमध्ये तो कधीकाळी गेला असेल तर फाइल पुसून भागत नाही, पासवर्डच बदला.

लोड टेस्ट कशी करावी म्हणजे तिला अर्थ राहील?

खऱ्याएवढ्या डेटावर. टेबलात हजार रो असताना पोस्टग्रेस सरळ सगळं टेबल वाचतो आणि ते बरोबरच असतं. दहा लाख रो झाल्यावर त्याच क्वेरीला इंडेक्स लागतो, आणि तो नाही हे तेव्हा कळतं. वर्षभराने असेल तेवढा खोटा डेटा भरा, ॲनालाइझ चालवा, मग के६, जेमीटर किंवा लोकस्टने गर्दी सोडा. पीजीबेंच मशीनची ताकद सांगतं, तुमच्या ॲपची नाही.

पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू ठेवा. टेस्ट संपल्यावर एकूण वेळेप्रमाणे पहिल्या दहा क्वेरी काढा. बहुतेक वेळा दोन-तीन क्वेरीच सगळा वेळ खात असतात आणि त्यांतली एक फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) इंडेक्स नसल्यामुळे. पोस्टग्रेस फॉरेन की केली म्हणून त्या कॉलमवर आपोआप इंडेक्स करत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सीपीयू रिकामा आहे, तरी ऑर्डर अडकतात. असं का?

बहुतेक सगळे एकाच रोसाठी थांबले आहेत. पाच डझनांच्या पाचशे पेट्या विक्रीला आहेत आणि शिल्लक एका रोमध्ये एका आकड्यात आहे असं समजा. प्रत्येक ऑर्डर तो आकडा एकने कमी करणार, आणि एकाचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत दुसरा थांबणार. आता त्या ट्रान्झॅक्शनच्या आतच पेमेंट गेटवेला हाक मारली असेल आणि तिथून उत्तर यायला दोन सेकंद लागत असतील, तर मिनिटाला तीसच ऑर्डर होतील, मशीन कितीही मोठं घ्या.

उपाय कोडमध्ये आहे. ट्रान्झॅक्शनच्या आत बाहेरच्या कोणत्याही सेवेला हाक मारू नका. शिल्लक शून्याच्या वर असेल तरच कमी कर, अशी एकच अपडेट चालवा. किती रो बदलले ते बघून जागा मिळाली की नाही ठरवा. ठरावीक मिनिटांसाठी पेटी राखून ठेवा आणि लगेच कमिट करा. पैसे त्यानंतर. मुदतीत पैसे आले नाहीत तर शिल्लक परत वाढवा. गर्दी फारच असेल तर प्रत्येक पेटीचा वेगळा रो ठेवून ‘स्किप लॉक्ड’ने, म्हणजे दुसऱ्याने लॉक केलेले रो सोडून, मोकळा रो उचलणं आणखी चांगलं.

गेटवेकडून एकाच पेमेंटचा निरोप दोनदा येतो. ऑर्डर दुप्पट होऊ नये म्हणून?

गेटवेच्या पेमेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दोनदा येऊ न देणारा नियम) ठेवा. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असं फक्त कोडमध्ये केलंत तर दोन निरोप एकाच क्षणी आल्यावर दोन्ही घातले जातील.

इन्व्हॉइस नंबरसाठी सीक्वेन्स वापरला तर चालेल का?

नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे इन्व्हॉइसला सलग क्रमांक हवा, १६ अक्षरांच्या आत, आणि आर्थिक वर्षात एकमेव. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स, म्हणजे पुढचा आकडा आपोआप देणारा काउंटर, एकमेव आकडा देण्याची हमी देतो, सलग आकड्याची नाही. ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी घेतलेला आकडा वाया जातो, आणि क्रॅश किंवा फेलओव्हरनंतर एकदम ३२ पर्यंत आकडे उडू शकतात. इन्व्हॉइससाठी वेगळं छोटं टेबल ठेवा, वर्ष आणि शेवटचा क्रमांक असं, आणि पैसे आल्यावर, ज्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये इन्व्हॉइस लिहिता त्यातच तो रो लॉक करून वाढवा. ऑर्डरच्या अंतर्गत आयडीला सीक्वेन्स खुशाल वापरा.

याच वेळी दोन गोष्टी तपासा. रक्कम न्यूमेरिकमध्ये किंवा पैशांत मोजून बिगइंटमध्ये ठेवली आहे ना; फ्लोटमध्ये ठेवलेले रुपये जीएसटीच्या बेरजेत कधीतरी एका पैशाने चुकतातच. दुसरी गोष्ट तारीख. वेळ ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ प्रकारात ठेवा आणि आर्थिक वर्ष काढताना आधी एशिया/कोलकाता वेळेत बदला. डेटाबेस यूटीसीवर असतो. १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डर यूटीसीच्या तारखेने ३१ मार्चला, म्हणजे मागच्या वर्षात जातात. हापूसच्या ॲपसाठी तर हा ऐन हंगाम.

मराठी नावं आणि पत्ते साठवताना काही वेगळं करावं लागतं?

साठवायला नाही, एन्कोडिंग यूटीएफ-८ असलं की पुरे. पण ‘व्हारचार १०’ म्हणजे दहा अक्षरं असं समजू नका. पोस्टग्रेस कोड पॉइंट (युनिकोडमधले सुटे वर्ण आणि चिन्हं) मोजतो, आणि ‘क्षि’ हे चार मोजले जातात. मर्यादा सैल ठेवा.

क्रम लावताना अडचण येते. नुसत्या बाइटच्या क्रमाने ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ ‘क’मध्ये मिसळतो. आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) पोस्टग्रेसमध्ये असतं. वीस-पंचवीस गावांची नावं घालून क्रम तुम्हाला हवा तसा येतो का ते पाहा आणि जिथे यादी दाखवायची तिथेच वापरा.

शोधण्यात आणखी गुंता आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ् दोन-तीन प्रकारे टाइप होतो: कोणी ऱ वापरतो, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण. स्क्रीनवर सारखंच, डेटाबेससाठी वेगळं. नॉर्मलाइझ फंक्शन यातला थोडाच भाग सोडवतं. साठवण्याआधी ॲपमध्येच एक रूप ठरवून सगळं त्यात बदला, आणि शोधशब्दही त्याच वाटेने न्या.

लाँचनंतर टेबलात बदल करायचे असतील तर ॲप बंद ठेवावं लागेल का?

सहसा नाही, जरा जपून केलंत तर. आल्टर टेबलला बहुतेक वेळा पूर्ण लॉक लागतो. एखादा लांबलेला अहवाल आधी चालू असेल तर आल्टर थांबतं, आणि त्याच्या मागे आलेल्या साध्या वाचनाच्या क्वेरीही थांबतात. बदल एका सेकंदाचा आणि ॲप दहा मिनिटं ठप्प. मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉकची मुदत दोन-तीन सेकंद घाला. नाही मिळाला तर थोड्या वेळाने पुन्हा. इंडेक्स ‘कन्करंटली’ बनवा. नवा कन्स्ट्रेंट आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून घाला, मग वेगळ्या पायरीत पडताळा. ठरावीक डीफॉल्ट असलेला कॉलम वाढवणं पोस्टग्रेस ११ पासून झटपट होतं. कॉलम काढून टाकण्याची घाई नको, आधी कोडमधून त्याचा वापर जाऊ द्या.

कोणते अलार्म लावावेत?

मोकळी डिस्क, कनेक्शन कमाल आकड्याच्या ७० टक्क्यांवर, सीपीयू सलग दहा मिनिटं ८० टक्क्यांवर, रेप्लिकाची पिछाडी, वाचन-लेखनाचा विलंब. टी गटाचं मशीन असेल तर क्रेडिट. आणि एक तुमच्या धंद्याचा: ‘गेल्या पंधरा मिनिटांत एकही यशस्वी ऑर्डर नाही’. सगळ्यांत उपयोगी तोच ठरतो. अलार्म ज्या फोनवर येणार तो रात्री वाजतो ना, हे मुद्दाम अलार्म पेटवून पाहा.

मेंटेनन्स विंडो कधीची ठेवावी?

ती यूटीसीमध्ये भरतात, इथे वारसुद्धा बदलतो. रविवारी पहाटे ३ हवे असतील तर शनिवारी २१:३० लिहा. लाँचच्या आठवड्यात काही प्रलंबित काम आहे का तेही बघून घ्या.

पॅरामीटर ग्रुप आत्ताच स्वतःचा बनवा. मूळ ग्रुप बदलता येत नाही, आणि चालू इन्स्टन्सला नवा ग्रुप लावला की रीबूट करावा लागतो.

पोस्टग्रेसची कोणती आवृत्ती?

आरडीएसवर स्थिर झालेली, शक्यतो सर्वांत नव्याच्या एक मागची. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. ती मुदत उलटलेली आवृत्ती आरडीएसवर चालवत राहिलात तर एक्स्टेंडेड सपोर्टचे वेगळे पैसे पडतात, कोअरप्रमाणे आणि तासाप्रमाणे.

लाँचच्या दिवशी काय करावं?

सकाळी हाताने एक स्नॅपशॉट. आदल्या दिवसापासून स्कीमात (टेबलांच्या रचनेत) बदल नाही. डेटाबेसला हात कोण लावणार त्या एकाचं नाव ठरलेलं, आणि तो झोपला असेल तर दुसऱ्याचं. सगळ्या ग्राहकांना मेसेज एकदम पाठवू नका. आधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्राहकांना, अर्ध्या तासाने पुण्याला, मग मुंबई-ठाण्याला असे टप्पे करा. मधल्या वेळात ग्राफ बघता येतात आणि चूक सापडली तर थोड्याच लोकांना भोवते.

बिल कमी कसं करावं?

लाँचआधी एक किंवा तीन वर्षांचं रिझर्व्हेशन घेऊ नका. दोन-तीन महिन्यांचा वापर बघा, मशीन योग्य आकाराचं करा, मग घ्या. पोस्टग्रेससाठी ते त्याच गटातल्या लहान-मोठ्या आकारांना वाटून लागू होतं, तेव्हा आकार नंतर बदलला तरी वाया जात नाही. बजेट ठरवताना १८ टक्के जीएसटी धरा. कंपनीचा जीएसटी क्रमांक खात्यात भरलेला असेल तर त्याचं क्रेडिट मिळवता येतं.

हंगामी ॲप असेल तर हंगाम सरल्यावर मशीन एक-दोन पायऱ्या खाली आणा. टेस्टिंगचा इन्स्टन्स बंद करून ठेवला तरी सात दिवसांनी आरडीएस तो आपोआप चालू करतं आणि मीटर पुन्हा पडायला लागतं, म्हणून नको असेल तर स्नॅपशॉट घेऊन पुसून टाका. रिस्टोअरच्या तालमीत उभे केलेले इन्स्टन्सही त्याच वेळी शोधून काढा. पहिल्या महिन्याच्या बिलात सापडणारी अनोळखी ओळ बहुधा त्यांचीच असते.